एक ते चार

एक वाजला की फोंडा शटर ओढून घेतो.
वरच्या बाजारात शिंपी, सोनार, मसालेवाला
एकेक पापणी मिटते,
बँकेसमोरचा कुत्रा उरलेली सावली
पोटाखाली ओढून घेतो.
आणि मी कुलूप उघडते.

जयदेव शेट कुडतरकरांच्या मनात आलं,
झोपलेल्या गावात एकच दुकान उघडं असेल
तर जागी माणसं सगळी तिथेच येतील.
हिशेब बरोबर होता.
जागी माणसं नव्हती, एवढंच.

महिना साडेचार हजार.
समोर एकशे अठरा नळ.
(मोजलेत. दुसऱ्यांदा एकशे सतरा भरले,
तो तास छान गेला.)
पितळी, क्रोमचे, लांब मानेचे,
एक हंसाच्या तोंडाचा, तेवीस हजारांचा,
सगळे भिंतीत पक्के बसवलेले
आणि भिंतीमागे पाइप नाही.

पहिला आठवडा सेंद्रिय रसायन.
बेंझिनच्या सहा कोनांवरून
पंख्याची सावली फिरते, फिरते,
पान तेच.
दुसरा आठवडा मोबाइल. तोही कंटाळतो,
दोन टक्क्यांवर येऊन डोळे मिटतो.
तिसऱ्यात मी उठले आणि नळ सोडायला लागले,
डावीकडून, एकेक.
कोरडा चक्, प्रत्येकाचा वेगळा.
आता डोळे मिटून ओळखते
कुठला बेसिनचा, कुठला मोरीचा.
कधी शॉवरखाली उभी राहते, कपड्यांनिशी,
सात आरशांत सात जणी जांभई देतात,
सुरुवात कोणी केली कळत नाही.

शेटनी वही दिली आहे. गिऱ्हाईक, वेळ, काय पाहिलं.
सोमवार : पाल. दोन वीस. गीझर.
मंगळवार : पालच. भाव विचारला नाही.
बुधवारी पान फाडलं, नोकरी जाईल म्हणून.
गुरुवारी पुन्हा लिहिलं, कारण गुरुवार होता.

काल तीनला दहा कमी असताना दार ढकललं गेलं.
मी इतकी दचकले की 'या' म्हणायचं राहिलं.
सावईवेऱ्याचा म्हातारा, चपला बाहेर काढून,
काजूच्या रसाचा डबा बसमध्ये कलंडलेला,
कोपरापर्यंत चिकट,
दोन माश्या सोबत घेऊनच आला.
"बाय, हात धुवूंक उदक मेळटलें?"
विचारलं, आणि मग भिंतीकडे पाहिलं.
मीही पाहिलं.
एवढी तोंडं आमच्याकडे वाकलेली.
त्याने मनगटाने हंस फिरवला. चक्.
थोडा थांबला, पाहुण्याने थांबावं तसा.
मग मान हलवली,
जणू त्याच्याही घरी असंच असतं.

मागे लाल बादली होती, कान तुटलेला मग.
मी ओतत गेले, तो चोळत गेला.
आंबूस गोड वास दुकानभर पसरला,
गीझरांच्या खोक्यांतसुद्धा शिरला.
जाताना त्याने हंसाचा भाव विचारला.
सांगितला.
"उदक धरून?" म्हणाला,
आणि उत्तराची वाट न पाहता चपला घातल्या.

चारला शेट आले. वास घेतला. वही उघडली.
एक, दोन पन्नास, पुढचा रकाना कोरा.
"काय घेतलं?"
"तीन मग."
"आपण मग कुठे विकतो?"
मी काही बोलले नाही.
तोवर त्यांना हंस दिसला, उघडाच राहिलेला.
त्यांनी तो बंद केला,
नीट, दोनदा दाबून,
पाणी वाया जाऊ नये तसा.