शून्य मिनिटे

केटरिंगमध्ये, मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी
माझं विद्यापीठ आहे.
मंगळवारी साडेसातला उघडतं.

एकवीस काळे चौकोन.
प्रत्येकात एक पांढरं नाव, माईकवर तिरपी लाल रेघ.
"ऐकू येतंय का?"
सव्वीस वर्षं संख्याशास्त्र शिकवून
माझं पहिलं वाक्य आता हे झालंय.
कोपऱ्यात एक पिवळा अंगठा वर येतो,
कुणाचा ते कळेपर्यंत विरतो.

पूर्वी टपाल यायचं.
डेनिस ऑलर्टन, रेल्वेतला निवृत्त सिग्नलवाला,
फुलस्केपवर शाईने प्रमाण विचलन काढायचा;
समासात चहाच्या कपाचं वर्तुळ
आणि वर्तुळाला बाण : 'माफ करा, हा आलेख नाही.'
तेव्हा बरेचसे असेच, साठीकडचे,
राहून गेलेलं काही उरकायला आलेले.
शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जमलो
की आधी बिस्किटांचा डबा उघडायचा, मग पुस्तकं.

आता कीली आहे. एकोणीस वर्षांची.
कॉर्बीच्या गोदामात पार्सलं स्कॅन करते,
जेवणाच्या सुट्टीत मला ऐकते दीडपट वेगाने.
तिच्या कानात मी कधीच अडखळत नसेन.
झ्बिगनिएव्ह ट्रकच्या बर्थवरून येतो.
त्याचं नाव जिभेवर बसायला मला तीन आठवडे लागले;
त्याने वैजयंतीचं पहिल्याच दिवशी 'वाय' करून टाकलं.
येतुंडे हार्टलपूलला, वृद्धांच्या केअर होममध्ये रात्रपाळीला.
एकदा तिचा माईक चुकून उघडा राहिला,
आणि कुणी म्हातारी आईला हाका मारतेय
हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.
"आले, आले," येतुंडे म्हणाली.
पडद्यावर सरासरीचं सूत्र तसंच होतं.
त्या दिवशी प्रश्न कुणी विचारले नाहीत.

विद्यापीठाने आता एक फलक दिलाय.
कोण किती मिनिटं आलं, कुठे थबकलं,
कोणत्या पानावरून पळालं.
हिरवे, पिवळे, लाल ठिपके.
लाल झालात की यंत्र आपणहून लिहितं :
'आम्हाला तुमची आठवण येते.'

ग. हॅलम. लाल.
सप्टेंबरपासून शून्य मिनिटे.
दर पंधरवड्याला यंत्राला त्याची आठवण येते,
आणि ती जाते अशा पत्त्यावर
जो त्याला उघडायची परवानगी नाही.

त्याचा लिफाफा मात्र येतो.
तुरुंगाचा शिक्का, एकदा फोडून पुन्हा चिकटवलेला.
अक्षर मुंगीएवढं, कागद मोजून मिळतात म्हणून.
कंपास तिथे देत नाहीत;
घंटेसारखा तो वक्र त्याने
प्लास्टिकच्या कपाची कड फिरवत, सरकवत काढलाय,
एका बाजूला जरा फुगलेला.
खाली प्रश्न :
'एखादा आकडा बाकीच्यांपासून फार लांब पडला,
तर तो चूक समजून वगळायचा का?
पुस्तक म्हणतं, हो. मला पटत नाही.'

मलाही नाही पटत, हॅलम.
इतकी वर्षं मी ते पान शिकवत आले.
दोन पानं लिहिली. दोनदा फाडली.
शेवटी एवढंच :
आधी विचारावं, हा इतका लांब गेला कसा.
मग ठरवावं.
कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं,
सव्वापाचची खेप जेमतेम गाठली.

फलकाला उत्तर हवंच असतं.
'विद्यार्थ्याशी संपर्क झाला का?' हो.
'कालावधी?'
लिहिलं : येऊन-जाऊन नऊ दिवस.
'कृपया फक्त मिनिटे.'
इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून गुणाकार केला.
बारा हजार नऊशे साठ.
घेतले त्याने, मुकाट.

ठिपका हिरवा झाला.
आता माझ्या वर्गाची सरासरी
वर कुणालाच समजणार नाही.
विचारायला फोन आलाच
तर म्हणेन, वगळू नका.