चांदोमावशी

माहीमच्या शाळेतली पहिल्या मजल्यावरची खोली, दुसरी ब.
दारावर कागद चिकटवलाय: आत फक्त फ्रेंच.
सोमवारी मी हातवारे करून समजावलं,
घरची भाषा चपलांसारखी बाहेर काढून ठेवायची,
जाताना आपापली घालून जायचं.
ऑस्टिनने खरंच बूट काढले.
पहिला तास त्याच्या नाड्या बांधण्यात गेला.

मग वार. लँदी, मार्दी, मेर्क्रदी.
‘दी’ म्हणजे वार, हे कळल्यावर निहिराच्या लक्षात आलं
की आपल्यासारखाच त्यांचाही वार शेवटी येतो.
फक्त रविवारचा पुढे पळतो: दिमाँश.
‘सुट्टीची घाई,’ ती म्हणाली.
मराठीत म्हणाली.
मी ऐकलंच नाही.

‘र’ घशातून काढायचा असतो.
जिला ळ येतो, तिला र का येऊ नये,
असं मला कॉलेजात कुणीतरी म्हटलं होतं.
सव्वीस मुलं एकदम
पाण्याशिवाय गुळण्या करू लागली
तेव्हा द्वारकामावशी फडकं आणि बादली घेऊन धावत आली,
‘कोण ओकलं?’

तीच बुधवारी दारात थांबली होती.
फळ्यावर ऐंशी. कात्र-वँ. चार वेळा वीस.
मुलं खो-खो हसत होती, हे कसले आकडे!
मावशी हसली नाही.
‘बरोबर हाय की. चार इसा.
आमची आय अंडी अशीच मोजायची.’
आणि फडकं खांद्यावर टाकून निघून गेली.
सबंध वर्गात तेव्हा
फ्रेंचमध्ये मोजता येणारी ती एकटीच होती.

ठिपक्यांचा खेळ मला मनापासून आवडतो.
निळा म्हणजे तो, लाल म्हणजे ती.
मुलं खोलीभर धावत वस्तूंना ठिपके लावतात.
टेबल ती. पुस्तक तो.
पाणी ती, म्हणून बाटल्या लाल.
खिडकीबाहेरचं झाड तो, म्हणून काचेवर निळा.
चित्रातलं घर ती.
पाकिटातले हिरवे ठिपके तसेच राहिले.
अनाहिताने विचारलं, ‘मादाम, ते कुठंय?’
‘ते’ नाही, मी सांगितलं. त्यांच्याकडे दोनच.
‘मग बाळ कुठे बसणार?’
तिचं गुजराती घर, पण प्रश्न तिन्ही लिंगांत अडकलेला.
तेवढ्यात हुझेफाने चंद्राला लाल ठिपका लावला,
वहीत बघून, अगदी बरोबर: ला ल्यून.
‘म्हणजे चांदोमामा नाही.
चांदोमावशी!’

हिरवे ठिपके ठेवायला कपाट उघडलं.
दाराच्या आतल्या बाजूला जुन्या पांढऱ्या रंगात
कुणीतरी सुबक वळणात लिहून ठेवलंय:
तिसरी अ, पट ४१.
ती शाळा बंद झाली. कपाट जड होतं, म्हणून राहिलं.
मी रोज उघडते, रोज वाचते,
खडू घेते, बंद करते.

आणि शुक्रवारी, एक ते दहा म्हणताना,
‘सीस’वर रुजुलचा दात पडला.
तळहातावर दात, हनुवटीवर रक्त,
आणि तोंडातून आलं, ‘बाई!’
मादाम नाही, मॅडम नाही.
त्याची आई बालवाडीत शिकवते, त्यामुळे असेल.
मला या आयुष्यात कुणी बाई म्हटलं नव्हतं.
‘आले रे आले, बघू, आ कर,’ मी म्हणाले,
आणि दारावरचा कागद
दारावरच राहिला.

दात वहीच्या कागदात गुंडाळला.
पुडी सुटू नये म्हणून एक हिरवा ठिपका लावला.
कौलावर टाकायचा असतो, निहिराने सांगितलं.
कौल कोणाकडेच नव्हतं.
मग मी फ्रान्समधली गोष्ट सांगितली:
तिथे उशीखाली ठेवतात, रात्री उंदीर येऊन घेऊन जातो,
बदल्यात नाणं ठेवतो.
सगळा वर्ग पुडीभोवती गोळा.
रुजुलने जीभ खळग्यात घातली, विचार केला.
‘आम्ही बाविसाव्या मजल्यावर राहतो.’
लिफ्टने येईल, मी म्हटलं.
‘वॉचमन सोडेल?’
सोडेल.
‘उंदीरमामा ना?’
मी काही बोलायच्या आत
हुझेफा लाल ठिपका बोटावर घेऊन
तयार उभा होता.