जात्याची टेकडी

चर्चच्या तळघरात दप्तर उघडलं तेव्हा
बाहेर उणे बावीस होतं,
आणि सेक्रेटरीबाई म्हणाल्या, हातमोजे काढा, पानं फाटतात.

घरात ठाऊक होतं ते एवढंच: थोर्स्टाइन क्वेर्नहाउग,
साल अठराशे एकाहत्तर,
बैल आणि गाय एकाच जोखडात,
डाकोटाच्या गवतात पहिला नांगर त्याचा.
क्वेर्नहाउग म्हणजे जात्याची टेकडी.
हे सांगताना बाबा नेहमी उभे राहत,
जणू टेकडी त्यांच्याच पायाखाली आहे.

मग नॉर्वेहून रिळं आली.
बाप्तिस्म्याला तो थोर्स्टाइन स्लेट्टा.
चौदाव्या वर्षी, गुरांमागे, थोर्स्टाइन मोएन.
लग्नाच्या ओळीत क्वेर्नहाउग,
आणि पुढे पाद्रीबुवांच्या मुंगीएवढ्या अक्षरात
एक शब्द, जो मी तीन शब्दकोशांत शोधला:
बिनजमिनीचा, दुसऱ्याच्या खोपटात राहणारा.

तिकडे म्हणे माणूस शेत बदलायचा तसं नाव बदलायचं.
ज्याची भाकर त्याचं आडनाव.
गुनहिल्दला, त्याच्या बायकोला,
कुठलंच शेत चिकटलं नाही.
सगळ्या वह्यांत ती नुसती ‘पत्नी’.

त्या शेतावर मी पत्र धाडलं.
ओडलाउग नावाच्या बाईंनी तिरक्या अक्षरात कळवलं:
आमच्या वंशावळीत तुमचा थोर्स्टाइन नाही.
हिशेबाच्या वहीत आहे.
वसंतात निघून गेला.
राईचं अर्धं पोतं येणं.
एक फावडं सापडत नाही.

फावडं सापडतं.
काउंटीच्या संग्रहालयात, काचेआड, दांडा नवा,
खाली चिठ्ठी: स्वतःच्या शेतावरून आणलेलं.

बाबांना सगळं वाचून दाखवलं.
ते खिडकीतून रस्त्याच्या पाटीकडे बघत राहिले. क्वेर्नहाउग रोड.
नजर पोचते तिथवर सपाट,
टेकडी औषधालाही नाही.
जे शेत त्याचं नव्हतं त्याचं नाव घेऊन तो आला
आणि जी जमीन त्याची नव्हती तिला देऊन गेला.
डाकोटा हे तर माणसांचंच नाव;
ती माणसं या वळणाला काय म्हणत
हे मी कुठल्याच दप्तरात मागितलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले,
“अर्धं पोतं राई, आजच्या भावाने किती होईल?”
आणि उठून चष्मा शोधू लागले,
चेकबुक कुठल्या खणात ठेवलं ते पुटपुटत.