शीट नंबर ४१

सकाळी सातला दंडोबाच्या पायथ्याशी उतरलो तेव्हा
वाघाटी पांढरी होती.
हे आधी लिहून ठेवते,
कारण पुढे ती तशी राहिली नाही.

काटेरी, पसरट झुडूप; आधार मिळाला तर वेल.
इथे तिला मिळाला होता एक वठलेला हिवर.
कोवळ्या फांदीवर गंजासारखी लव,
चोळली की बोटावर येणारी.
पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी, मागे वळलेली,
त्यामुळे हात आत सहज जातो.
बाहेर काढताना वाघाटी विचारते,
कुठे निघालात?

फुलं पानाच्या बगलेवर एकाखाली एक,
जिन्यात पोरी खोळंबल्यासारखी.
पाकळ्या चार, वरच्या दोघींच्या बुडाशी पिवळा डाग.
पुंकेसर मोजले: अडतीस. पुन्हा मोजले: एकेचाळीस.
वारा सुटला, नाद सोडला.
आणि त्या झुबक्यातून बाहेर, लांब दांड्यावर
अंडाशय, हिरवा, एकटा,
उरुसाच्या गर्दीत बापाने खांद्यावर घेतलेल्या
पोराएवढा उंच.

"गोविंदफळ हाय हे," दस्तगीर म्हणाला.
दस्तगीर नदाफ, आमच्या लॅबचा शिपाई.
"अम्मी भाजी करायची. आधी उकळून पाणी टाकायचं,
न्हाईतर कडूजहर."
फांदी त्यानेच कापली.
मनगटावर तीन ओरखडे, एक खोल.

दहाला पिवळा डाग विटकरी झाला.
मिरजेच्या एसटीत, मांडीवरचा प्रेस
दोनदा सैल करून पाहिला:
पाकळ्या गुलाबी, केसर त्याहून जांभळट.
डाग आता जवळजवळ काळा.
संध्याकाळी लेबल भरताना अडले.
फुलाचा रंग: ?
सर म्हणाले, पुस्तकात पांढरा दिलाय, पांढरा लिही.
संग्राहक: इथे सरांचं नाव छापूनच आलं होतं.

परवा कपाट उघडलं. सत्तावीस वर्षं.
डांबराच्या गोळ्यांचा वास,
आणि सगळं तपकिरी: पाकळी, पान, लव, डाग,
सगळ्यांचा एकच रंग, ज्याला रकाना नाही.
काटे तेवढे शाबूत.
शीट उचलताना वरच्या शीटला अडकले,
सोडवताना मलाही.
उजव्या कोपऱ्यात एक ठिपका होता,
तो वनस्पतीचा नव्हे.

शेऱ्याची जागा कोरी.
लेबलवर पेन्सिल चालत नाही, माहीत आहे.
पेन्सिलनेच लिहिलं:
सकाळी पांढरी, दुपारी नाही.
कापली दस्तगीर नदाफ यांनी.
आधी उकळून पाणी टाकावे.