सेंटरिंग

ब्लॉक चारशे सात, अ.
मेणात बसवलेला मेंदूचा तुकडा, हरभऱ्याएवढा.
मी चाक फिरवते. पात्यावरून पापुद्रा सुटतो
आणि कोमट पाण्यावर पसरतो.
या टेबलाजवळ कुणी शिंकायचं नाही.

फॉर्मवर: दस्तगीर नदाफ, बावन्न, कुपवाड.
तीन आठवडे डाव्या हाताची पकड नाही.
धंदा: सेंटरिंग.

आमच्या मिरजेच्या घराचा स्लॅब
यानेच धरला होता, बल्ल्या आणि प्लेटांवर.
एकवीस दिवस खाली कुणाला झोपू दिलं नाही.
बाविसाव्या दिवशी हातोडीच्या दांड्यानं वर ठोकलं,
कान लावला,
म्हणाला, "आता हुबा ऱ्हातोय, ताई. काढतो टेकू."

दुपारी जीएफएपीचा रंग चढवला.
पेशीच्या आतल्या दोरांना तो तपकिरी धरतो.
मगदूम सर भिंगात बराच वेळ होते.
मग "ग्रेड चार" म्हणाले, आणि चहा सांगितला.

चहात बिस्कीट मोडून पडलं, तरी बोलत राहिले:
ही पेशी पुढे अ‍ॅक्टिनची बल्ली रोवते,
अंग ओढून घेते,
मागची सोडवते, तीच पुन्हा पुढे लावते.
माल बाहेरून येत नाही.
आईच्या पोटात याचा मेंदू बांधायला
पेशी अशाच चालत गेल्या होत्या,
आणि त्या वेळी कुठं थांबायचं ते त्यांना कळत होतं.

मी स्लाइड पुसत होते.
म्हणजे हिला एकवीस दिवसांचं काही नाही.
ही स्लॅब टाकतच नाही कुठं,
नुसतं सेंटरिंग पुढे नेते,
पांढऱ्या तंतूंच्या बोळांतून
पलीकडच्या अर्ध्या मेंदूकडे.
गाठ काढणारा चाकू पोचतो
तेव्हा तिथं नुसती बल्ल्यांची भोकं.

खिडकीशी त्याचा मुलगा पावती घेऊन उभा.
बापासारखीच रुंद मनगटं,
नखांत सिमेंट.
"समदी निघाली न्हवं गाठ?"
रिपोर्ट गुरुवारी, मी म्हटलं.
पावतीवर शिक्का मारला. उलटा पडला.
परत मारला.

रात्री घरी झाडूच्या दांड्यानं छताला ठोकलं,
कान लावायला स्टुलावर चढले.
काय ऐकायचं असतं ते मला कुठं ठाऊक होतं?

वरून भाडेकरूच्या पोरानं
दोनदा उलट ठोकलं.