फेरफार

कमानीचा फोटो पाहून आले होते मी
गालिसियाच्या या वाकड्यातिकड्या किनाऱ्यावर,
आणि कमान नव्हती.

जानेवारीत गेली, दोसिंदा म्हणाली. रात्रीची.
आवाज झाला तेव्हा वाटलं
ओब्दुलियोचा ट्रॅक्टर पुन्हा गोठ्यावर आदळला.
उठलेसुद्धा नाही.

आता दोन खांब नुसते,
मधून ये-जा करणारं पाणी
आणि रस्त्यावरच्या पाटीवर अजून बाण:
कमानीकडे.

ओहोटी लागली होती.
ती पुढे, रबरी बूट, कमरेला दोर, हातात खरवडणी.
मी मागे, बसत, चाचपत,
रांगतं मूल जिना उतरतं तशी.
खडकाचे पापुद्रे सुटलेले,
एक थर गंजाचा, एक राखेचा,
फटीत बोट घातलं तर भुकटी निघाली,
दिवसभर नखात राहिली.
लाटेकडे पाठ करू नकोस,
एवढंच बजावलं तिने.

एका थोराड दगडाशी थांबली.
अंगाला गोल भोक, छिन्नीने पाडलेलं.
फाटकाची बिजागरी बसायची इथे, म्हणाली,
आमच्या बटाट्याच्या शेताची.
शेत कुठे?
तिने बोट वर केलं,
जिथे एक कुरव वाऱ्यावर
जागच्या जागी तरंगत होता.

तिथे.

कागदावर अजून सगळं शाबूत आहे.
वर्षाला सदतीस युरो भरते ती त्याचे.
कचेरीतला पोरगा म्हणतो, मावशी, अर्ज करा,
मोजणी होईल, कर कमी होईल.
ती करत नाही.
आमच्याकडे म्हणतात तसं,
सातबारा तिच्याच नावावर,
समुद्राने काही फेरफार नोंदवलेला नाही,
तेव्हा इथपासून त्या फेसापर्यंत,
सव्वीस पावलं रुंद,
पाणी तिचं.
सांगताना हसली नाही.

मग वाकून त्याच दगडावरून
खरवडले तिने पर्सेबेस,
काळी इवली मनगटं, टोकाला नखं,
दगड सोडता सोडत नव्हती.
बटाट्यापेक्षा भाव बरा येतो, म्हणाली,
आणि खत घालावं लागत नाही.

पाणी फिरलं तसे वर आलो.
ती जाळी निथळत ठेवून बूट उपडे करत होती.
मी पाटीपासून कड्यापर्यंत चालून आले,
उगाच.

किती भरली?
तिने मान वर न करता विचारलं.
अकरा, म्हणाले मी.
तुझी पावलं लहान आहेत, ती म्हणाली,
आणि दुसरा बूट झटकला.