सातव्या पंपाची रेष

सातव्या पंपापासून जुन्या झडपेपर्यंत
एक रेष. एवढंच काम होतं.
ल्यूवार्डनच्या पाणी-खात्यात, फेब्रुवारीतला मंगळवार,
बाहेर सगळं सपाट, आकाशसुद्धा
इस्त्री करून घडी घातलेलं.

मी माउस दाबला, ओढला, सोडला.
रेष निघाली नाकासमोर,
मग मध्येच काही आठवल्यासारखी
डावीकडे वळली, दोन पायऱ्या उतरली,
गोदामाच्या चौकटीला वळसा घालून
सहाव्या पंपाला जाऊन चिकटली.
सहाव्या पंपाने तिला बोलावलं नव्हतं.
तो गेली चार वर्षं बंद आहे.

सोडवली. पुन्हा ओढली.
चिकटली,
बाजारात लहान मूल भलत्याच बाईचा हात धरतं तशी,
आणि वर तिच्याकडे न बघता चालत राहतं.

शीर्षक केसभर वर सरकवलं,
नुसतं शीर्षक, ‘दक्षिण विभाग, हिवाळा’,
तर खालच्या चाळीस रेषा
शाळेची घंटा झाल्यासारख्या उठल्या
आणि प्रत्येकीने नवी जागा पकडली.

शेजारचा ओने वाकून म्हणाला
(त्याच्या स्वेटरला कायम कांद्याचा वास),
"ती कोपऱ्यातली कळ दाबून धर, विट्स्के,
मग ऐकते."
धरली. ऐकलं तिने.
एका हाताने कळ, दुसऱ्याने माउस,
नाकाला खाज सुटली तरी तशीच बसले.
फाइल जपून ठेवली. घरी गेले. मटारचं सूप, झोप.
सकाळी उघडली:
ये रे माझ्या मागल्या.

एक गोष्ट मात्र त्या सॉफ्टवेअरला जमते, कबूल करते.
दोन रेषा छेदतात तिथे
एक जण छोटीशी कमान करून दुसरीला ओलांडते.
मोठ्या कालव्याखालून आमचा ओढा
खरंच असा जातो, नळातून, अंधारातून,
एका पाण्याला दुसऱ्या पाण्याचा थेंब न लागता.
कधी कधी मी ती कमान बघत बसते,
कॉफी निवेपर्यंत.

बुधवारी ताईस आला, गमबुटांसकट.
सदतीस वर्षं चर साफ करतो आहे.
आधी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"वळण कुठे आहे?"
म्हटलं, ते काढून टाकलं की,
माझी आई शाळेत होती तेव्हा.
पट्टी लावल्यासारखं सरळ खणलं.
"खणलं," तो म्हणाला. "पण पाऊस थांबला की
माझ्या कुरणात येऊन बघ.
गवत अजून त्याच वळणाने ओलं राहतं.
गाई तिथे पाय ठेवत नाहीत,
त्यांना कुणी नकाशा दाखवलेला नाही."
सुंभ जळतो, पीळ राहतो.
मग माझ्याच कपात बोट बुडवून त्याने
टेबलावर ते वळण काढलं.
एका दमात. कशालाही न चिकटता.
बोट उचललं तिथे थेंब जरा फुगला,
बाणाच्या टोकासारखा.

वक्र रेषेचा पर्याय मी शोधला. होता.
त्यातून निघालं
किटलीच्या कानासारखं काहीतरी.

शेवटी ती रेष पुसून नकाशा छापला.
राहिलेल्या कोऱ्या जागेत, मऊ पेन्सिलने,
टेबलावरचा डाग सुकायच्या आत
बघून बघून काढली.
झडपेपाशी हात थरथरला. राहू दिलं.

स्कॅनरवर कागद ठेवला तर
तो हिरव्या अक्षरांत विचारतो:
वाकडं वाटतंय. सरळ करू?
नको.
नक्की?

ताईस केव्हाच गेला होता. त्याच्या बुटांचा चिखल
खुर्च्यांमधून वाट काढत दारापर्यंत,
कुठेही काटकोन न करता.